कौन्सिलने लायसन्सिंग पॉलिसीवर मतं मागवलीत, छोट्या रेस्टॉरंटवाल्यांनी काय लिहायचं?

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. लंडनच्या कडेच्या एका बरोमध्ये (म्हणजे एका कौन्सिलच्या हद्दीत) तुमचं चाळीसेक सीट्सचं मराठी जेवणाचं रेस्टॉरंट आहे, दारूचं लायसन्स रात्री ११ पर्यंतचं आहे. कौन्सिलने नव्या लायसन्सिंग पॉलिसीचा मसुदा काढून लोकांची मतं मागवलीत आणि त्यात तुमचा हाय स्ट्रीट 'क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्ट एरिया'त टाकलाय, म्हणजे लायसन्सच्या जागा आधीच फार झाल्यात म्हणून नव्या अर्जांना कडक राहायचं असा भाग. पुढच्या वर्षी शेजारचा गाळा जोडून वेळ साडेबारापर्यंत न्यायचा तुमचा विचार होता. आता तो बारगळणार का, गिऱ्हाइकांच्या दोनशे सह्या गोळा करून दिल्या तर फरक पडेल का, आणि मंडळाचे हॉलमधले कार्यक्रमही यात अडकणार का, हे तुमचे तीन प्रश्न.

मी बरीच वर्षं इथल्या एका कौन्सिलच्या लायसन्सिंग टीममध्ये होते, आता छोट्या रेस्टॉरंट आणि दुकानवाल्यांचे अर्ज करून देते, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हे बघितलंय. पण तुमच्या कौन्सिलचा मसुदा माझ्यासमोर नाहीये आणि सगळा खेळ त्यातल्या शब्दांवर असतो, त्यामुळे 'होईल' किंवा 'होणार नाही' असं छातीठोक कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. खालचं सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं, २००३ च्या लायसन्सिंग ॲक्टप्रमाणे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिकडच्या मित्राचा सल्ला इकडे लावू नका.

सगळ्यात आधी सह्यांचा विषय, कारण आपली माणसं तिथेच जास्त ताकद घालवतात. आपण महाराष्ट्रातून येताना डोक्यात 'आडवी बाटली' घेऊन येतो. वॉर्डातल्या किंवा गावातल्या २५ टक्के बायकांनी मागणी केली की मतदान, आणि ठरलेल्या प्रमाणात मतं आडव्या बाटलीवर पडली की दुकान बंद. तिथे आकडा हाच निकाल असतो. इथलं कन्सल्टेशन, म्हणजे हे मतं मागवणं, तसं अजिबात नाही. इथे कौन्सिलला लोकांचं ऐकून घ्यावं लागतं, मोजून तसंच वागावं लागत नाही. २०१८ मध्ये हॅकनी कौन्सिलने शोरडिच आणि आसपासच्या भागासाठी कडक पॉलिसी आणली तेव्हा कन्सल्टेशनमध्ये उत्तर देणाऱ्यांपैकी मोठी संख्या विरोधात होती, तरी कौन्सिलने ती मंजूर केली. लोक खूप चिडले होते. पण कायद्याच्या हिशोबाने विरोधकांची संख्या जास्त आहे एवढ्यावरून पॉलिसी चुकीची ठरत नाही.

म्हणून तुमच्या दोनशे सह्या एका कागदावर गेल्या तर बहुतेक ठिकाणी त्याची एकच नोंद होते: 'एक निवेदन, अमुक सह्या, सूर विरोधाचा.' एकच मजकूर कॉपी-पेस्ट करून पन्नास जणांनी पाठवला तरी तेच. त्यापेक्षा आठ-दहा लोकांनी आपापल्या शब्दांत, आपापल्या कारणासह लिहिलेलं कितीतरी जास्त वजनदार होतं, आणि त्यात एखादा शेजारी असेल तर आणखीच.

आता खरा मुद्दा. पॉलिसी म्हणजे तुमचं लायसन्स नाही आणि पॉलिसी बदलली म्हणून हातातलं लायसन्स बदलत नाही. तुमचं ११ वाजेपर्यंतचं लायसन्स आज आहे तसंच राहतं, त्याच्या अटी तशाच राहतात, मसुदा मंजूर झाल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी दारात येऊन वेळ कमी करत नाही. लायसन्सचा रिव्ह्यू होऊ शकतो, पण तो तुमच्याच जागेतून काही त्रास झाला तर, रस्ता इम्पॅक्ट एरियात आला म्हणून नाही. फीचीही काळजी करू नका, ती केंद्र सरकारने ठरवलीय, रेटेबल व्हॅल्यूप्रमाणे (म्हणजे कर बसवायला ठरवलेल्या जागेच्या किमतीप्रमाणे) नव्या अर्जाला १०० ते ६३५ पौंड, २००५ पासून तीच आहे. कौन्सिलच्या हातात ती नाहीच.

धोका आहे तो तुमच्या पुढच्या वर्षीच्या बेताला. वेळ रात्री ११ च्या पुढे न्यायची म्हणजे पूर्ण व्हेरिएशनचा, म्हणजे हातातल्या लायसन्समध्ये बदल मागायचा अर्ज लागणार, दारूची वेळ वाढवायची असेल तर ८९ पौंडांचं मायनर व्हेरिएशन चालत नाही. शेजारचा गाळा जोडल्यावर जागेचा नकाशा फारच बदलला तर व्हेरिएशनही पुरणार नाही, नवीन लायसन्सच मागावं लागेल, ते प्लॅन बघूनच सांगता येतं. शिवाय लोक हमखास विसरतात ते म्हणजे रात्री ११ ते पहाटे ५ मध्ये गरम जेवण किंवा गरम पेय विकायलाही लायसन्स लागतं, मग दारूचा थेंब नसला तरी. म्हणजे साडेअकराला कुणाला मिसळ आणि चहा द्यायचा तर 'लेट नाइट रिफ्रेशमेंट' अर्जात लिहिलेलं हवं. तुम्ही साडेबारा म्हणताय म्हणजे दोन्ही लागणार.

आणि हा अर्ज केल्यावर पॉलिसी नेमकी कधी मध्ये येते हे समजून घ्या. अर्ज गेला की दुकानाच्या काचेवर फिक्या निळ्या रंगाची नोटीस लावायची, स्थानिक पेपरात जाहिरात द्यायची, आणि मग २८ दिवस कुणालाही हरकत घेता येते. कुणालाही म्हणजे कुणालाही, जवळच राहत असलं पाहिजे ही अट २०१२ मध्ये गेली. पोलीस, कौन्सिलचं एन्व्हायर्नमेंटल हेल्थ, पब्लिक हेल्थ, वरच्या मजल्यावरचे लोक, सगळे. या २८ दिवसांत एकही ग्राह्य हरकत आली नाही तर कौन्सिलला लायसन्स द्यावंच लागतं, मग पॉलिसी कितीही कडक असो, तुमचा रस्ता इम्पॅक्ट एरियात असो वा नसो. कौन्सिलला स्वतःचं डोकं लावायचा अधिकार हरकत आल्यावरच मिळतो. हरकत आली की तीन काउन्सिलर्सची सबकमिटी बसते आणि पहिलं काय उघडतात तर ही पॉलिसी. त्या दिवशी तिच्यातलं एकेक वाक्य तुमच्या बाजूने किंवा विरुद्ध वाचलं जातं.

त्यामुळे आज कन्सल्टेशनला उत्तर देताना डोळ्यासमोर ठेवायचा तो हिअरिंगचा, म्हणजे सबकमिटीपुढच्या सुनावणीचा दिवस. तेव्हा तुम्हाला पॉलिसीत कोणतं वाक्य छापलेलं हवंय? ते वाक्य आज मागा. पॉलिसीला पाठिंबा की विरोध हा प्रश्न मी दुय्यमच धरते.

तुमच्यासारख्या जागेला बहुतेक मसुद्यांमध्ये कुठे अडतं ते सांगते. इम्पॅक्ट एरियाचा परिच्छेद असा असतो की या भागात नवीन लायसन्स किंवा मोठं व्हेरिएशन मागितलं आणि हरकत आली, तर नाकारण्याकडेच कल राहील, आणि आपल्यामुळे त्रासात भर पडणार नाही हे अर्जदाराने सिद्ध करायचं. कधी हे फक्त पब, बार आणि नाइटक्लबला लागू असतं, कधी ऑफ लायसन्सच्या (घरी न्यायला दारू विकणाऱ्या) दुकानांना, कधी सरसकट सगळ्यांना. रेस्टॉरंट यातून बाहेर आहेत की आत, हे एवढंच आधी शोधा. आत असतील तर तुमच्या उत्तराचा सगळा जोर तिथे लावा, बाकी पन्नास पानांवर एक शब्द नाही लिहिलात तरी चालेल.

मी अशा वेळी जे वाक्य सुचवते ते साधारण असं असतं: 'जिथे दारू फक्त बसून जेवणाऱ्या गिऱ्हाइकाला, जेवणासोबत, टेबलावर आणून दिली जाते आणि नुसतं पिण्यासाठी वेगळा बार नाही, अशा रेस्टॉरंट्सना रात्री अमुक वाजेपर्यंत हा परिच्छेद लागू असू नये.' ही अट लायसन्समध्ये घालायची पद्धत इथे जुनी आहे, पोलिसांना ओळखीची आहे, सबकमिटीलाही. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात, आणि अधिकाऱ्याला हे वाक्य उचलून मसुद्यात टाकणं सोपं जातं. अर्थात हे मागण्याआधी स्वतःला विचारा की तुमची जागा खरंच अशी आहे का. शुक्रवारी रात्री लोक नुसती बिअर आणि शेंगदाणे घेऊन उभे असतील तर ही सूट मागून पुढे स्वतःच अडकाल, कारण तीच अट मग तुमच्या लायसन्सवर बसेल आणि ती मोडली तर गुन्हा होतो.

आता पुरावा. या भागावर मी जास्त लिहिणार आहे कारण इथेच खरी कमाई आहे. इम्पॅक्ट एरिया कौन्सिलला वाटलं म्हणून आखता येत नाही. एप्रिल २०१८ पासून त्याला कायद्यात वेगळं कलम आहे, ५ए, त्याप्रमाणे 'क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्ट असेसमेंट' प्रसिद्ध करावं लागतं, त्यात पुरावा मांडावा लागतो, आणि दर तीन वर्षांनी तो अजून खरा आहे का हे पुन्हा तपासावं लागतं. पॉलिसीचं चक्र पाच वर्षांचं, हे तीनचं, दोन्ही वेगळे कागद असतात. पुष्कळ लोक मसुदा वाचतात आणि जोडलेलं असेसमेंट उघडतच नाहीत. तुम्ही उघडा. वेबसाइटवर सापडत नसेल तर लायसन्सिंग टीमला दोन ओळींचा ईमेल करा, पाठवतात.

त्यात पोलिसांच्या नोंदी, आवाजाच्या तक्रारी, कधी ॲम्ब्युलन्सचे कॉल, असं असतं. एकूण आकडा किती मोठा आहे ते बघत बसू नका, तासाप्रमाणे आणि वाराप्रमाणे फोड दिलीय का ते बघा. माझ्या पाहण्यात आलेल्या बऱ्याच असेसमेंट्समध्ये मारामाऱ्यांची गर्दी शुक्रवार-शनिवारी मध्यरात्रीनंतर, क्लब सुटतात त्या सुमाराला असते. तुमच्याकडेही तसंच चित्र असेल तर तुमचा मुद्दा तिथेच तयार आहे: त्रास रात्री एकनंतरचा आणि उभ्याने पिण्याच्या जागांमधून येणारा आहे, मग बसून जेवायच्या जागेला साडेबाराला अडवायला या पुराव्यातला कुठला भाग आधार देतो? पान नंबर, तक्ता नंबर देऊन विचारा. अशा प्रश्नाला कौन्सिलला मोघम उत्तर देणं अवघड जातं.

उलट चित्र असेल, म्हणजे तक्रारी अकरा ते बाराच्या दरम्यान टेक-अवेसमोर उभ्या राहणाऱ्या गर्दीच्या आणि डिलिव्हरीच्या बाइक्सच्या असतील, तर तुमचा मुद्दा बदलतो. मग डिलिव्हरी ११ ला बंद आणि त्यानंतर फक्त आत बसलेल्यांची सर्व्हिस, असं तुम्ही स्वतःहून मांडायला पाहिजे. आणि फोड दिलीच नसेल तर तेही लिहा, की तास आणि जागेचा प्रकार न सांगता सगळ्यांना एकाच दावणीला बांधलंय, हे वेगळं करून दाखवा. हे लिहिताना चिडचिड नको, कारण समोरच्या बाजूला बसलेला अधिकारी बहुतेक वेळा एकटाच हे सगळं करत असतो आणि त्याला नीट मुद्दा मिळाला तर तो आनंदाने घेतो, हे मी त्या खुर्चीत बसून सांगतेय.

मग लिहायचं कशाच्या चौकटीत? कायद्यात चार उद्दिष्टं आहेत, गुन्हे आणि गोंधळ रोखणं, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव रोखणं, आणि मुलांना अपायापासून जपणं. या चारांपैकी एकाला जे लागत नाही ते कितीही खरं असलं तरी लायसन्सिंगमध्ये त्याला जोर नाही. 'इथे आधीच सतरा रेस्टॉरंट आहेत, अजून कशाला' हे चालत नाही, बाजारात गरज आहे की नाही हे लायसन्सिंगने बघायचं नाही असं सरकारच्या गाइडन्समध्येच स्पष्ट आहे. तेच तुमच्यासाठी उलटंही आहे. 'आम्ही मराठी संस्कृती जपतो', 'दहा माणसांना नोकरी दिलीय', 'भाडं परवडत नाही' हे सगळं मनापासूनचं आहे आणि एखाद्या वाक्यात जरूर लिहा, पुष्कळ पॉलिसींमध्ये आता संस्कृती आणि स्थानिक व्यवसायांबद्दल एखादा परिच्छेद असतोही. पण त्यावर उत्तर उभं करू नका. दारू तब्येतीला वाईट म्हणून बंदी घाला असं लिहिणाऱ्यांचंही इंग्लंडमध्ये तेच होतं, कारण सार्वजनिक आरोग्य हे इथे उद्दिष्टच नाही. स्कॉटलंडमध्ये आहे.

समजा, तुम्ही लिहिलंत, 'आम्ही जबाबदार व्यावसायिक आहोत, आमच्याकडे कधीच त्रास झाला नाही.' अशी वाक्यं रोज येतात आणि वाचणारा पुढे सरकतो. त्याऐवजी असं लिहा: 'आमच्याकडे शेवटची ऑर्डर साडेदहाला घेतो, दारू टेबलावरच देतो, चॅलेंज २५ प्रमाणे, म्हणजे पंचविशीच्या आतला वाटला की, आयडी बघतो आणि नकार दिला की वहीत नोंद करतो, काचेच्या बाटल्या सकाळी ८ नंतरच बाहेर टाकतो कारण वर लोक राहतात, लायसन्स मिळाल्यापासून आवाजाची एकही तक्रार कौन्सिलकडे नाही, तुम्ही तुमच्या नोंदींत तपासून बघा.' यातलं जे खरं आहे तेवढंच लिहायचं. पण बघा, यातला प्रत्येक तुकडा चारपैकी कुठल्या ना कुठल्या उद्दिष्टाला जाऊन चिकटतो, आणि शेवटचं वाक्य अधिकाऱ्याला स्वतः पडताळता येतं.

तुमच्या उत्तराचं पुढे काय होतं हे माहीत असलं की कसं लिहायचं ते आपोआप सुधारतं. मुदत संपली की अधिकारी एक लांबलचक तक्ता करतो. पहिल्या रकान्यात कुणी लिहिलं, म्हणजे रहिवासी, व्यवसाय, पोलीस वगैरे. दुसऱ्यात म्हणणं काय, तेही दोन-तीन ओळींत, तुमचं चार पानी पत्र असलं तरी. तिसऱ्यात कौन्सिलचं उत्तर, आणि चौथ्यात मसुद्यात बदल सुचवलाय की नाही. तिसऱ्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा काय येतं तर 'नोंद घेतली'. 'परिच्छेद अमुकमध्ये हे शब्द आहेत, त्याऐवजी हे घाला, कारण हे' अशा साच्यात तुम्ही लिहिलंत की तुमचं म्हणणं न चुरगळता दुसऱ्या रकान्यात बसतं आणि चौथ्यात काहीतरी लिहावंच लागतं. ऑनलाइन फॉर्ममध्ये नुसते 'सहमत / असहमत' चे गोल भरू नका. खाली मोकळा रकाना असतो तो भरा, नसेल तर ईमेल करा, आणि ईमेलची पोच ठेवा.

हा तक्ता आधी लायसन्सिंग कमिटीपुढे जातो, पण पॉलिसी मंजूर करायचा अधिकार कमिटीला किंवा अधिकाऱ्याला नाही, ती पूर्ण कौन्सिलच्या सभेतच मंजूर व्हावी लागते. याचा फायदा असा की तुमच्या वॉर्डच्या काउन्सिलरला तुम्ही आता बिनधास्त भेटू शकता, रेस्टॉरंटमध्ये बोलावून जागा दाखवू शकता. पण पुढच्या वर्षी तुमचा स्वतःचा अर्ज चालू असेल तेव्हा सबकमिटीवर बसणाऱ्या काउन्सिलरला खाजगीत गाठायचं नाही. आपल्याकडे 'साहेबांना जरा भेटून ठेवा' म्हणतात, इथे त्याने तो काउन्सिलरच हिअरिंगमधून बाहेर पडतो आणि तुमची छाप वाईट पडते.

वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय की त्यांना वास आणि आवाज आवडत नाही. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तुम्ही ती सहज ओलांडून गेलात. कारण आठवा, हरकतच आली नाही तर पॉलिसी मध्ये येतच नाही. आणि या कन्सल्टेशनमध्ये कौन्सिलने जसं व्यावसायिकांच्या प्रतिनिधींना विचारायचं तसंच रहिवाशांच्या प्रतिनिधींनाही, त्यामुळे तेही आत्ता लिहीत असतील, आणि त्यांना तसा पूर्ण हक्क आहे. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला रात्री साडेबाराला खाली खुर्च्या ओढल्याचा आवाज आला तर तो चिडणारच, तिथे राहणारे आपण असतो तर आपणही लिहिलंच असतं. जाऊन बोला. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावणं, एक्स्ट्रॅक्टर किती वाजता बंद होतो हे ठरवणं, मॅनेजरचा मोबाइल नंबर त्यांना देणं, शेवटचं गिऱ्हाईक बाहेर पडताना दारात कुणीतरी उभं असणं, एवढ्यानेही पुष्कळ प्रकरणं हिअरिंगपर्यंत जात नाहीत. वासाचा प्रश्न सहसा लायसन्सिंगपेक्षा प्लॅनिंग आणि एन्व्हायर्नमेंटल हेल्थकडे जातो, पण माणूस एकदा वासावरून वैतागला की निळी नोटीस दिसताच पेन उचलतो.

प्लॅनिंगचं निघालंच आहे तर, तुमच्या जागेच्या प्लॅनिंग परमिशनमध्ये (जागा कशी वापरायची याच्या परवानगीत) बंद करायची वेळ आहे का ते आजच बघा. तिथे ११ लिहिलं असेल तर लायसन्स साडेबाराचं मिळूनही उपयोग नाही, ती अट वेगळी बदलून घ्यावी लागते. बाहेरच्या फुटपाथवरच्या टेबलांचंही पेव्हमेंट लायसन्स वेगळं असतं.

आता मंडळ. इथे घाबरण्यासारखं कमी आहे. गणपतीची आरती, भजन, पूजेतलं संगीत, म्हणजे धार्मिक विधी किंवा मेळाव्याचा भाग असलेलं संगीत, याला लायसन्स लागतच नाही. सकाळी ८ ते रात्री ११ मध्ये ५०० पर्यंत प्रेक्षकांसमोर नाटक किंवा नृत्य असेल तरी लागत नाही, म्हणजे तुमची एकांकिका आणि लावणी दोन्ही बसलं. माइक-स्पीकर न लावता वाजवलेल्या वाद्यांना त्याच वेळेत प्रेक्षकांच्या संख्येचीही अट नाही, त्यामुळे ढोल-ताशा लायसन्सिंगमध्ये येत नाही (आवाजाच्या उपद्रवाचा कायदा मात्र येतो, आणि रस्त्यावर मिरवणूक काढायची तर त्याची परवानगी वेगळी). शाळेच्या किंवा कम्युनिटी हॉलमध्ये स्पीकर लावून ऑर्केस्ट्रा किंवा गाणी असतील तर ५०० पर्यंत प्रेक्षक, ११ च्या आत, आणि हॉलवाल्यांची संमती, एवढं पुरतं. हॉलला स्वतःचं दारूचं लायसन्स असेल तर नियम थोडे वेगळे लागतात, तेवढं हॉलवाल्यांना विचारा.

मंडळाला लायसन्सिंग लागतं ते दारू विकली तर, किंवा कार्यक्रम ११ च्या पुढे गेला तर. आणि विकणं म्हणजे फक्त काउंटरवर पैसे घेणं नाही. 'दिवाळी पार्टी, तिकिटात एक ड्रिंक फ्री' हे विकणंच झालं. त्याला टेम्पररी इव्हेंट नोटीस द्यायची, २१ पौंड, कार्यक्रमाच्या आधी पूर्ण १० कामाचे दिवस हातात ठेवून, नोटीस दिल्याचा आणि कार्यक्रमाचा दिवस यात धरायचा नाही, आणि एका वेळी स्वयंसेवक-कलाकार धरून ४९९ पेक्षा जास्त लोक आत नकोत. यावर हरकत फक्त पोलीस आणि एन्व्हायर्नमेंटल हेल्थ घेऊ शकतात, शेजारी नाही. एका जागेला कॅलेंडर वर्षात १५ नोटिसा आणि एकूण २१ दिवस मिळतात, आणि हा कोटा जागेचा असतो, मंडळाचा नाही. म्हणजे त्याच हॉलमध्ये वर्षभर लग्नं आणि वाढदिवस झाले असतील तर तुमच्या थर्टी फर्स्टला काही उरलेलं नसेल. बुकिंग करतानाच हॉलवाल्याला विचारा किती शिल्लक आहेत. यातलं काहीच नव्या पॉलिसीने बदलत नाही, हे आकडे कायद्यातले आहेत. मसुद्यात इव्हेंट्सबद्दल 'तीन महिने आधी कळवा' असं काही असेल तर ती बहुतेक विनंती असते. मोठ्या कार्यक्रमाला ती पाळणं शहाणपणाचं, पण त्यावरून नोटीस नाकारता येत नाही.

एक शेवटची शंका तुमच्या मनात असेल, की हे सगळं आधीच ठरलेलं असतं का. कधी कधी तसं वाटावं असे मसुदे मीही पाहिलेत. त्यासाठी कोर्टाने घालून दिलेले चार नियम आहेत, १९८५ च्या ब्रेंट कौन्सिलच्या एका शाळाप्रकरणातून आलेले आणि २०१४ मध्ये हॅरिंगेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने उचलून धरलेले: निर्णय अजून घडत असतानाच विचारायचं, लोकांना विचार करून उत्तर देता येईल इतकी कारणं द्यायची, पुरेसा वेळ द्यायचा, आणि आलेली उत्तरं मन लावून विचारात घ्यायची. किती आठवडे द्यायचे हे लायसन्सिंग ॲक्टमध्ये लिहिलेलं नाही, पण ऐन ख्रिसमसमध्ये दोन आठवडे दिले तर कुणीही बोट ठेवू शकतं. हे मोडलं तर हायकोर्टात जाता येतं, तेही लगेच आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांत. तुमच्या आकाराच्या रेस्टॉरंटने त्या वाटेला जावं असं मी सांगणार नाही, खर्च झेपत नाही. पण मुदत चालू असताना 'असेसमेंटमधली तासवार माहिती मिळाली नाही, ती मिळून उत्तर द्यायला वेळ द्या' असा सभ्य ईमेल गेला तर तो फाइलला लागतो, आणि फाइलला लागलेली गोष्ट कौन्सिलचे वकील वाचतात.

आता करा एवढंच की इम्पॅक्ट एरियाचा परिच्छेद आणि रेस्टॉरंटच्या वेळांचा परिच्छेद, दोन्ही शब्द न बदलता इथे टाका, कौन्सिलचं नाव नसलं तरी चालेल. सोबत असेसमेंटमधला तासांचा तक्ता असेल तर तोही. त्यावरून नेमके कोणते शब्द बदलून मागायचे ते मी लिहून देते. आणि मुदतीची तारीखही सांगा, कारण शेवटच्या दिवशी रात्री फॉर्म बंद पडणं नेहमीचं आहे, आपल्याला निदान दोन दिवस आधी पाठवायचंय.